हिवाळ्यातही उभी राहणारी रोपांची लावणी : वाचनालयासमोरच्या चौकासाठी सल्ला हवा आहे

पायवाट :

नमस्कार. वाचनालयासमोरच्या एका मोकळ्या चौकात काय लावायचे हे ठरवण्याचे काम आमच्या छोट्या स्वयंसेवी गटाकडे आले आहे आणि गटाच्या वतीने मी हा प्रश्न मांडत आहे. जागा साधारण ३०० चौरस मीटर आहे. उत्तरेला वाचनालयाची इमारत व तिचे दार, दक्षिणेला रहदारीचा रस्ता, पूर्वेच्या कोपऱ्यात बसथांबा आणि मधून एक तिरकी वाट, जी आखलेली नसून लोकांनी चालून चालून पाडलेली आहे. हवामान थंड आहे. नोव्हेंबरपासून मार्चच्या अखेरीपर्यंत झाडांवर पान नसते, पहाटे दव गोठते, बर्फ अधूनमधून पडतो आणि पडला की काही दिवस टिकतो. लोक मात्र या पाच महिन्यांतही रोज इथूनच जातात, आणि नेमक्या याच काळात त्यांना पाहायला काळी माती आणि दोन बाके यांपलीकडे काही नसते.

यापूर्वी येथे वर्षातून दोनदा हंगामी फुलझाडे लावली जात. हिवाळ्यासाठी पॅन्सी लावत असत. ती कडक थंडीत माना टाकत आणि थंडी ओसरली की पुन्हा थोडी सावरत, पण सलग असा बहर काही दिसत नसे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ते बंद करून बहुवर्षायु रोपे आणि शोभेची गवते लावली. उन्हाळा आणि शरद ऋतू फार सुरेख गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस एका दुपारी देखभालीच्या कंत्राटदाराची माणसे आली आणि त्यांनी सगळे जमिनीलगत कापून नेले. गवतांचे तुरे नुकते रुपेरी होऊ लागले होते. त्या माणसांना तरी दोष कसा द्यावा, कारण ‘वाळलेले काढून टाका’ एवढीच सूचना त्यांच्या कागदावर होती. पुढचे पाच महिने पुन्हा काळी माती.

आता नव्याने लावणी करायची आहे आणि तीच चूक पुन्हा होऊ द्यायची नाही. हिवाळ्यात फुलणारी झाडे शोधावीत की आणखी काही करावे, कोणती रोपे खरोखर उभी राहतात आणि ‘वाळके गवत म्हणजे दुर्लक्ष’ असे म्हणणाऱ्या नागरिकांना काय सांगावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

वाफा :

पायवाट, तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. हिवाळ्यात फुलणाऱ्या झाडांपासून सुरुवात करू नका. थंड प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत फुलणारी झुडपे आहेत आणि त्यांना जागा जरूर द्यावी, पण ३०० चौरस मीटरचा चौक त्यांच्या जोरावर उभा राहत नाही. हिवाळ्यातली शोभा असते ती फुले, पाने गेल्यावर जे मागे राहते त्याची: दांडे, बोंडे, तुरे, साल, फांद्यांची ठेवण आणि त्यांवर पडणारे ऊन. म्हणून रोप निवडताना ते फुलल्यावर कसे दिसेल हे सर्वांत शेवटी विचारावे आणि मेल्यासारखे दिसेल तेव्हा कसे दिसेल हे सर्वांत आधी. डच उद्यानरचनाकार पीट आऊडॉल्फ यांचे सारे काम या उलट्या क्रमावर उभे आहे. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर, म्हणजे वापरातून गेलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या सुमारे २.३ किलोमीटर लांबीच्या उद्यानात, त्यांनी केलेली लावणी हिवाळाभर तशीच उभी ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर कर्मचारी व स्वयंसेवक मिळून ती हाताने कापतात. तिथे जानेवारीत जाणाऱ्यांना हिरवे फारसे दिसत नाही. तपकिरी, गव्हाळ, काळपट आणि करड्या छटा दिसतात आणि जागा मुळीच ओसाड वाटत नाही.

आता तुमच्या चौकाविषयी. सर्वांत आधी ऊन कुठून येते ते कागदावर काढा, कारण हिवाळ्यातला सूर्य उन्हाळ्यातल्या सूर्याहून अगदी वेगळा वागतो. ॲमस्टरडॅम किंवा बर्लिनच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंशांवर असतो. न्यूयॉर्कला तो २६ अंशांच्या आसपास असतो. १४ अंशांच्या सूर्याने मीटरभर उंचीच्या झुडपाची सावली चार मीटर लांब पडते. याचा पहिला अर्थ असा की दक्षिणेच्या रस्त्याकडेला दाट सदाहरित कुंपण लावण्याचा मोह टाळावा. आवाज आणि धूळ अडावी म्हणून कुणीतरी ते सुचवणारच, पण दीड मीटरचे कुंपण ऐन हिवाळ्यात तुमच्या चौकाचा मोठा भाग सावलीत ठेवील.

दुसरा अर्थ अधिक आनंदाचा आहे. दक्षिणेच्या बाजूला गवते लावलीत तर वाचनालयातून बाहेर पडणारा माणूस ती सूर्यासमोर धरल्यासारखी पाहील. मागून ऊन आले की तुऱ्यातले एकेक कुसळ उजळते आणि वाळलेले पान कागदासारखे पारदर्शक होते. हेच गवत पाठीवर ऊन घेऊन पाहिले तर नुसते पेंढ्यासारखे दिसते. याउलट रंगीत सालीची झुडपे समोरून ऊन मिळेल अशी, म्हणजे वाटेच्या उत्तरेला, वाचनालयाच्या भिंतीच्या बाजूला लावावीत. कॉर्नस आल्बा ‘सिबिरिका’ या झुडपाच्या लाल काड्यांवर दुपारचे तिरपे ऊन पडते तेव्हा त्या अक्षरशः पेटतात, पण मागे फिकट भिंत असेल तर तो रंग निम्मा होतो. त्यामागे गडद हिरवे काहीतरी हवे. यू किंवा होली यांसारखे सदाहरित झाड चालेल. यू निवडलात तर निचरा चांगला असल्याची आधी खात्री करा, कारण त्याच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही, आणि मुलांचा वावर असलेल्या जागी त्याचा जवळपास प्रत्येक भाग विषारी असतो हेही ध्यानात ठेवा.

सदाहरित झाडे किती असावीत, यावर माझे मत थोडे कठोर आहे. सगळीकडे सदाहरित लावले की हिवाळ्यात जागा हिरवी राहते खरी, पण जून महिन्यात जशी दिसते तशीच डिसेंबरात दिसते आणि ऋतू बदलल्याचे कुणाला कळतही नाही. मी साधारण एक चतुर्थांश जागेपलीकडे जात नाही, आणि तेवढीही एकगठ्ठा न ठेवता तीन-चार ठिकाणी वाटतो, म्हणजे नजरेला थांबायला जागा मिळते आणि भोवतीच्या वाळक्या रंगांना उठाव येतो.

उभ्या वाळणाऱ्या रोपांपैकी माझ्या सर्वाधिक विश्वासाचे रोप फ्लोमिस रसेलियाना. त्याच्या दांड्यावर ठरावीक अंतराने गोल बोंडे ओवलेली असतात, खालचे मोठे आणि वरचे लहान. त्याची पाने बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यातही जमिनीलगत हिरवी राहतात आणि तण दाबून ठेवतात. पहाटे दव गोठल्यावर त्या प्रत्येक बोंडाच्या दात्यांना पांढरी कड येते. ती पाहायला लोक थांबतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याच्या जोडीला ‘हर्ब्स्टफ्रॉयडे’ हे सेडम लावावे, ज्याच्या सपाट तांबूस डोक्यांवर बर्फ अलगद बसून राहतो. एकिनेशियाचे काळे शंकू, एरिंजियमची काटेरी नक्षी आणि मोनार्डाचे छोटे गोळे हेही भरवशाचे. गवतांत ‘कार्ल फोर्स्टर’ हे कॅलमॅग्रॉस्टिस पहिले. पॉट्सडॅमला रोपवाटिका चालवणाऱ्या कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) यांचे नाव त्याला दिले आहे. ते संकरित आणि वांझ असल्याने बी पडून पसरत नाही, आणि ओल्या बर्फाने वाकले तरी बहुधा पुन्हा सरळ होते. मिस्कॅन्थस त्याहून देखणे आहे, पण अमेरिकेच्या पूर्व भागासारख्या काही प्रदेशांत ते बियांनी रानात पसरून त्रासदायक ठरले आहे. तुमच्याकडे त्याची स्थिती काय आहे हे स्थानिक वनस्पती-खात्याच्या यादीत पाहिल्याशिवाय ते आणू नका. पॅनिकम व्हर्गॅटम हा त्याला चांगला पर्याय आहे.

एक झाड तरी सालीसाठी लावा. तिबेटी चेरी, म्हणजे प्रुनस सेरुला, हिची साल घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी दिसते. आणि भूर्ज तर आपल्या ओळखीचाच. ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत तो हिमालयी भूर्ज, बेट्युला युटिलिस, आज युरोपातल्या हिवाळी बागांचा आधारस्तंभ झाला आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या अँगलसी ॲबी येथे १९९८ मध्ये आखलेली हिवाळी वाट शेवटी पांढऱ्याशुभ्र भूर्जांच्या राईत जाऊन थांबते. तिथे खाली दुसरे फारसे काही लागत नाही. तुमच्या चौकात राई मावणार नाही, पण तीन बुंधे जवळजवळ लावलेत तर तेच काम होईल.

कातरी :

मी वीस वर्षे सार्वजनिक बागांच्या देखभालीचे काम पाहतो, म्हणजे पायवाटताईंच्या गवतावर ज्या बाजूने कातर चालली त्या बाजूचा मी माणूस आहे. वाफा यांनी रोपांविषयी लिहिलेले सारे पटते. मात्र हिवाळ्यातली लावणी रोपांच्या यादीत ठरत नाही, देखभालीच्या वेळापत्रकात ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. कापणाऱ्या माणसाच्या हातात जो कागद असतो त्यावर वनस्पतींची नावे नसतात. क्षेत्र, काम आणि महिना एवढेच असते. तेव्हा लावणीचा आराखडा मंजूर होईल त्याच दिवशी दुसरा आराखडा तयार असला पाहिजे: कोणता वाफा कधी कापायचा आणि कोणत्या वाफ्याला कधीपर्यंत हात लावायचा नाही. ‘वाळलेले काढा’ हे वाक्य करारातून पूर्णपणे काढून टाका. त्याऐवजी ‘या वाफ्यात १५ फेब्रुवारीपूर्वी कोणतीही कापणी नाही’ असे लिहा. शक्य असेल तर वाफ्याच्या कडेला खुंटी रोवून तिच्यावर ठळक रंगाची पट्टी बांधा. लाल पट्टी दिसली की कापायचे नाही, हे कामावर पहिल्याच दिवशी आलेल्या नव्या माणसालाही कळते, आणि या व्यवसायात माणसे सतत बदलत असतात.

याला एक अपवाद ठेवा, नाहीतर सारी योजना बदनाम होते. काही बहुवर्षायु रोपे उभी वाळत नाहीत, बसतात. होस्टा, डे लिली आणि बरीचशी जिरॅनियम पहिल्या कडक थंडीनंतर गाळासारखी होऊन जमिनीवर पसरतात, आणि लोक ज्याला घाण म्हणतात ती बहुतेक वेळा हीच असते. ती नोव्हेंबरमध्ये हाताने काढून टाकावीत. तेवढ्या अर्ध्या दिवसाच्या कामाने बाकीचे उभे वाळलेले रोप मुद्दाम ठेवल्यासारखे दिसू लागते.

कॉर्नसच्या छाटणीबद्दल लिहितो, कारण तिथे फार चुका होतात. रंग असतो तो गेल्या वर्षीच्या कोवळ्या काड्यांवर. जुन्या फांद्या करड्या आणि खरबरीत होत जातात. म्हणून छाटायचे, पण हिवाळा संपल्यावर, पाने फुटण्याच्या तोंडाशी, साधारण मार्चमध्ये. डिसेंबरात छाटले तर ज्यासाठी झुडूप लावले तेच कापून नेले असे होते, आणि मी स्वतः एके काळी असे आदेश पाळलेले आहेत. सगळे झुडूप एकदम बुंध्यापर्यंत कापण्याची पद्धत खासगी बागेत ठीक. सार्वजनिक जागी दरवर्षी सर्वांत जुन्या एक तृतीयांश फांद्या काढाव्यात, म्हणजे जागा कधीच मोकळी दिसत नाही. लावणीनंतर पहिली दोन वर्षे हात लावू नये. नारिंगी काड्यांचा ‘मिडविंटर फायर’ त्याहून नाजूक आहे. त्याला जोराची छाटणी मानवत नाही.

रस्त्याचा विचार मात्र कुणी केलेला दिसत नाही. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते दोन मार्गांनी येते: वाहनांच्या चाकांनी उडालेल्या पाण्यातून पानांवर, आणि वितळलेल्या पाण्यातून मातीत. मातीतला सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो, जमीन आवळते, पाणी मुरेनासे होते आणि एप्रिलमध्ये रोप का फुटले नाही याचे कारण कुणालाच सापडत नाही. यूला तर मीठ अजिबात चालत नाही. वाफा यांनी तो उत्तरेला सुचवला हे या कारणानेही योग्यच आहे. रस्त्यालगतची निदान मीटरभर पट्टी मीठ सोसणाऱ्या रोपांना द्या. समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारी अर्मेरिया तिथे चांगली टिकते, तिच्या हिरव्या उशा बारा महिने दिसतात, फक्त माती निचऱ्याची हवी. शिवाय बर्फ बाजूला ढकलणारे यंत्र तो ढीग कुठे लावते हे आधी चालकाला विचारा. ते ढीग दरवर्षी त्याच जागी लागतात. तिथे झुडूप लावाल तर ते मोडणारच. तिथे हिवाळ्यात जमिनीखाली जाणारीच रोपे लावा.

पायवाट :

दोघांचेही मनापासून आभार. सूर्याच्या कोनाची गोष्ट वाचून मी काल दुपारी वाचनालयाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि दक्षिणेकडे पाहिले. रस्त्यापलीकडच्या कुंपणातून उगवलेल्या रानगवताच्या चार काड्या तेवढ्या उजळलेल्या होत्या. वाफा यांचे म्हणणे त्या चार काड्यांनी पटवून दिले. आता दोन शंका आहेत. आमच्या गटातल्या बऱ्याच जणांना फेब्रुवारीत फुलणारे कंद हवे आहेत, पण गवते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कापायची नसतील तर ते कंद त्यांच्याखाली दडून जाणार नाहीत का? आणि तक्रार करणाऱ्या नागरिकांचा प्रश्न अजून तसाच आहे.

रानवेल :

कंदांबद्दलची शंका अगदी बरोबर आहे. उशिरा कापणी आणि लवकर फुलणारे कंद यांचे एका वाफ्यात जमत नाही. कापणारा माणूस वाळकी गवते तोडण्यासाठी वाफ्यात उतरतो तेव्हा त्याच्या पायाखाली हिमपुष्पांचे, म्हणजे गॅलँथसचे, कोंब बोटभर वर आलेले असतात. उपाय सोपा आहे: त्यांना वेगळी जागा द्या. गॅलँथस, पिवळी एरँथिस आणि जांभळट क्रोकस टोमासिनियानस हे सगळे कॉर्नसच्या आणि भूर्जाच्या खाली लावा. तिथे हिवाळ्यात ऊन पोचते, फुलांच्या दिवसांत कापणारा माणूस आत शिरत नाही आणि लाल काड्यांच्या पायाशी पांढरी फुले आली की दोघांचीही शोभा वाढते. गवतांच्या वाफ्यात उशिरा येणारे कंद लावावेत, उदाहरणार्थ एप्रिल-मेमधले नार्सिसस किंवा कमॅसिया. ते गवत कापल्यानंतर वर येतात आणि त्यांची पिवळी पडणारी पाने गवताच्या नव्या पात्यांत झाकली जातात. नार्सिसस फुलून गेल्यावर पाने निदान सहा आठवडे कापू नयेत, कारण पुढच्या वर्षीचे फूल त्याच काळात कंदात साठत असते. कंद लावताना त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावावा आणि ओळीत लावू नये. मूठभर कंद हातातून सोडावेत आणि जिथे पडतील तिथेच पुरावेत.

उभ्या ठेवलेल्या रोपांना आणखी एक हक्कदार वर्ग आहे. एकिनेशियाच्या शंकूंतील बी टिपायला गोल्डफिंच येतात; अगदी बारीक दांड्यावर उलटे लटकून ते एकेक दाणा काढतात, आणि बसची वाट पाहणाऱ्या माणसाला एवढा वेळ जवळून पक्षी पाहण्याची संधी एरवी क्वचितच मिळते. पोकळ दांड्यांत आणि गवताच्या बुडख्यात लेडीबर्डसारखे कीटक हिवाळा काढतात. काही एकट्या राहणाऱ्या मधमाश्या अशाच दांड्यांत घर करतात. त्यामुळे जाड पोकळ दांड्यांची रोपे सरसकट जमिनीलगत न कापता २० ते ४५ सेंटिमीटरचे खुंट मागे ठेवावेत. वर्षभरात नवी वाढ त्यांना झाकून टाकते. गवते मात्र खालून, १० ते १५ सेंटिमीटरवर कापावीत. कापलेले सगळे उचलून नेण्याचीही गरज नाही. बारीक तुकडे करून तिथेच आच्छादन म्हणून पसरले तर तण कमी उगवते आणि वाहतूक वाचते.

उंबरठा :

नागरिकांच्या तक्रारीविषयी थोडेसे लिहिते. वाळके रोप हे लोकांच्या रोषाचे कारण नसते. कुणी या जागेकडे पाहत नाही असे वाटणे, हे कारण असते. अमेरिकेतील भूदृश्य-अभ्यासक जोन नॅसॉअर यांनी १९९५ मध्ये हेच मांडले की अस्ताव्यस्त दिसणाऱ्या निसर्गाला नीटनेटकी चौकट दिली की लोक तो स्वीकारतात. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की वाफ्याच्या कडा धारदार ठेवा, कडेने कापलेल्या हिरवळीची अरुंद पट्टी ठेवा, वाटेवर लोळणारा प्रत्येक दांडा आठवड्यातून एकदा उचला आणि कागद-बाटल्या रोज काढा. गवताच्या बुंध्यात अडकलेली एक प्लॅस्टिकची पिशवी दहा सुंदर वाफ्यांची शोभा घालवते. छोटा फलकही लावा, पण त्यावर निसर्गाचे धडे नकोत. ‘ही रोपे मुद्दाम उभी ठेवली आहेत, कापणी फेब्रुवारीच्या अखेरीस’ एवढेच पुरे, कारण तारीख वाचली की माणसाला खात्री पटते की कुणीतरी याचा विचार केला आहे.

तुमची तिरकी वाट बुजवू नका. तीच पक्की करा. लोकांनी जिथून चालायचे ठरवले आहे तिथे झुडूप लावले तर पहिल्याच हिवाळ्यात त्यातून नवी वाट पडेल. रस्ता ओलांडण्याच्या जागी आणि वळणावर ६० सेंटिमीटरपेक्षा उंच काही ठेवू नका, कारण हिवाळ्यात लोक अंधारात ये-जा करतात आणि लहान मूल उंच गवताआड चालकाला दिसत नाही. याच कारणासाठी वाचनालयाच्या दाराशी दाट सदाहरित कोपरा तयार होऊ देऊ नये. काटेरी झुडपे, विशेषतः पांढऱ्या काड्यांचा रुबस, दिसायला विलक्षण असला तरी बाकाजवळ नको. तो पसरतोही फार. आणि कोरड्या हिवाळ्यात वाळके गवत पेटू शकते, म्हणून इमारतीला लागून आणि लोक जिथे उभे राहून सिगारेट ओढतात तिथे गवते लावू नयेत.

सुगंधाची बाजू कुणी घेतलेली नाही, म्हणून मी घेते. बसथांब्याजवळ सार्कोकोका लावा. ठेंगणे, गडद हिरव्या पानांचे, सावलीतही वाढणारे हे झुडूप आहे आणि त्याची एक जाती, सार्कोकोका हुकेरियाना, हिमालयातलीच. जानेवारी-फेब्रुवारीत त्याला तंतूंसारखी बारीक पांढरी फुले येतात, इतकी लहान की फूल कुठे आहे ते शोधावे लागते, पण थंड, स्थिर हवेत मधासारखा वास काही पावलांवर पोचतो. मी एका रुग्णालयाच्या दाराशी हे झुडूप लावलेले पाहिले आहे. आत जाणारी माणसे काळजीत असतात; तरीही अनेक जण क्षणभर थांबून वास कुठून येतो ते पाहत होते. जे झाड माणसाला पाहण्याच्या मनःस्थितीत नसतानाही भेटते त्याला सार्वजनिक जागेत पहिला मान असावा असे मला वाटते. दृष्टिहीन व्यक्तींसाठी तर हिवाळ्यातली बाग म्हणजे हा वास आणि वाऱ्यावर सळसळणारे गवत.

वाफा :

उंबरठा यांनी सळसळीचा उल्लेख केला ते फार बरे झाले. आराखड्यावर आवाज काढता येत नाही म्हणून आम्ही लोक तो विसरतो.

लावणी करताना एक गोष्ट सांभाळा. रोपे उभी राहावीत असे वाटत असेल तर त्यांना फार खाऊ घालू नका. पूर्वीच्या हंगामी फुलझाडांसाठी त्या मातीत वर्षानुवर्षे खत पडलेले असणार. अशा सुपीक जमिनीत बहुवर्षायु रोपे उंच आणि मऊ वाढतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या वादळात आडवी होतात. नवे खत मुळीच घालू नका, पहिल्या वर्षी रोपे रुजल्यानंतर पाणीही हात राखून द्या, आणि शक्य असेल तिथे वरच्या थरात वाळू किंवा बारीक खडी मिसळा. इंग्लंडमध्ये शेफील्ड शहराने रहदारीच्या रस्त्याचा भाग काढून तिथे नायजेल डनेट यांच्या लावणी-आराखड्याप्रमाणे पावसाचे पाणी मुरवणारे वाफे केले, २०१६ मध्ये त्याचा पहिला टप्पा पूर्ण झाला. रस्त्याशेजारी, कमी देखभालीत वर्षभर तग धरणाऱ्या लावणीचे ते उत्तम उदाहरण आहे. आराखडा करण्यापूर्वी त्याची हिवाळ्यातली छायाचित्रे जरूर पाहा.

रोपे दाट लावा, चौरस मीटरला सहा ते नऊ. विरळ लावलेली रोपे उन्हाळ्यात भरून येतात, पण हिवाळ्यात त्यांच्यातली माती दिसते आणि दांड्यांना एकमेकांचा आधारही मिळत नाही. झुडपे आणि भूर्ज सुप्तावस्थेत, मुळे उघडी असलेल्या अवस्थेत मिळतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात जमीन गोठलेली नसताना ती लावली तर कुंडीतल्या झाडांपेक्षा लवकर रुजतात. गवते मात्र वसंतातच लावा. शरदात लावलेली गवते थंड, ओल्या मातीत मुळे न धरताच कुजण्याची भीती असते. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात तुमच्याकडे भूर्ज, कॉर्नस, सदाहरित झुडपे आणि कंद एवढेच असेल आणि दक्षिणेची बाजू रिकामी दिसेल. हे गटाला आणि वाचनालयाला आताच सांगून ठेवा.

पायवाट :

काल गटाची बैठक झाली. दक्षिणेला गवते, उत्तरेला यूच्या पुढे कॉर्नस, कोपऱ्यात तीन भूर्ज, बसथांब्याशी सार्कोकोका आणि रस्त्यालगत अर्मेरियाची पट्टी असे ठरले. मिस्कॅन्थस आम्ही वगळले. करारातले ते वाक्य बदलण्याबद्दल पत्र दिले असून देखभालीच्या माणसांनाच पुढच्या बैठकीला बोलावले आहे. कातरी यांना एकच विचारायचे आहे: फेब्रुवारीच्या मध्यानंतर नेमके कधी कापायचे? हिवाळा लांबला तर तारखेवर विसंबून चालेल का?

कातरी :

तारीख ही ‘त्याआधी नाही’ एवढ्यासाठीच असते. कापण्याचा दिवस गवतच सांगते. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर आठवड्याला एकदा वाफ्याशी गुडघे टेकून बसा, दोन्ही हातांनी वाळक्या काड्या बाजूला सारा आणि बुडाशी पाहा. ‘कार्ल फोर्स्टर’ सर्वांत आधी जागा होतो. त्याचे हिरवे टोकदार धुमारे नखाएवढे वर आलेले दिसले की त्याच आठवड्यात कापा. ते बोटभर होईपर्यंत थांबलात तर कातर त्यांच्या शेंड्यांवरून फिरते आणि वर्षभर पात्यांची टोके बोथट दिसतात. पॅनिकम महिनाभर मागे असते, त्याला घाई नाही. त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी कापण्याचा आग्रह धरू नका आणि त्यांचे वाफे वेगवेगळे राखा. कापण्यापूर्वी प्रत्येक गवताची पेंढी सुतळीने मधोमध बांधून घ्या, म्हणजे कापल्यावर ती एकसंध हातात येते आणि काड्या चौकभर उडत नाहीत. बैठकीला आलेल्या माणसांपैकी एकाला तरी त्या दिवशी बरोबर घेऊन बसा आणि धुमारे स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहू द्या.